फीलिक्सला पलटण का सांभाळता येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘फायर एम्ब्लेम: थ्री हाऊसेस’ या व्हिडिओ गेमवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा डावपेचांचा गेम आहे, आणि मी मात्र लेखभर चहापान, हरवलेल्या वस्तू आणि कोण कोणाशी काय बोललं यातच रमले. खरा खेळणारा आकडे पाहतो, संवाद स्किप करतो आणि लढाईला लागतो. नाती हा वरचा मुलामा, तो खरवडून काढला तरी गेमचं काही बिघडत नाही. जुने भाग तर शुद्ध डावपेचांचेच होते. शिवाय वेळ मागे फिरवून चूक सुधारता येत असताना कोणाच्या मरणाचं एवढं काय, असंही तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही आकड्यांचं नाव काढलंत, तर आकड्यांपासूनच सुरू करू.

यात आपण अकादमीतले शिक्षक, आणि विद्यार्थ्यांची तीन घरं. त्यातल्या ब्लू लायन्समधला फीलिक्स घ्या. तलवारीत त्याचा हात धरणारं कोणी नाही, पण ऑथॉरिटी, म्हणजे पलटण चालवण्याच्या कौशल्यात तो कच्चा. त्यामुळे चांगली पलटण त्याच्या हाताखाली देता येत नाही. बरं, पलटण काढून घेतली तर त्याच्या प्रत्येक वाराचं नुकसान पाचने वाढतं. त्याच्या खास कौशल्याचं नावच ‘लोन वुल्फ’, एकटा लांडगा. नुसते आकडे पाहणारा इथे ‘पलटण देऊ नका’ एवढी नोंद करून पुढे जातो. पण हा माणूस असा का? चार वर्षांपूर्वी डस्करच्या हत्याकांडात त्याचा थोरला भाऊ ग्लेन राजघराण्याचं रक्षण करताना गेला, आणि वडील म्हणाले, तो खऱ्या सरदारासारखा मेला. तेव्हापासून शौर्य, निष्ठा, बलिदान या शब्दांचा फीलिक्सला तिटकारा आहे. त्याला कोणाच्या मागे जायचं नाही आणि कोणी आपल्या मागे मरायला यावं असंही वाटत नाही. आता तो ऑथॉरिटीचा आकडा पुन्हा पाहा. ज्या कोणी हा आकडा ठरवला, त्याने फीलिक्सची सगळी कहाणी त्यात घातली आहे. संवाद गाळले तर तुमच्या हाती आकडा उरतो, कारण उरत नाही.

बर्नाडेटाचं तर याहून नेमकं आहे. बाप तिला खुर्चीला बांधून ठेवायचा, गप्प राहायला शिकवायचा, म्हणजे पुढे ‘चांगली बायको’ होईल. अकादमीत आली तरी ती खोलीबाहेर पडत नाही. भरतकाम करते, चित्रं काढते, दारावर कोणी थाप मारली तरी घाबरते. आणि हिचं खास कौशल्य काय? अंगावर जखम असली की तिचा वार पाचने वाढतो. भाला शिकवला तर तिला ‘व्हेंजन्स’ येतं, त्यात जितकं रक्त गेलेलं तितका वार जबर. मॅडनिंग या सर्वांत अवघड पातळीवर खेळतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अर्धमेली बर्नाडेटा पुढे उभी करून अख्खी रांग कापण्याची युक्ती तुम्हाला माहीत असणारच. ती युक्ती मला नुसती हुशारीची वाटत नाही. भेदरलेली पोर कोंडीत सापडल्यावर जे करील, तेच गेम तिला मॅपवर करू देतो. मैदानात तिला असं लढताना पाहून माझा जीव खालीवर होतो, आणि तो होतो म्हणूनच मी तिच्याभोवतीचा प्रत्येक चौकोन मोजते.

‘जुने भाग शुद्ध डावपेचांचे’ हे मात्र मला मान्य नाही. 1990 साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रावर पहिला ‘फायर एम्ब्लेम’ आला, तेव्हापासून मेलेलं पात्र परत येत नाही हा नियम आहे, आणि निर्माते शोझो कागा यांच्या त्या गेमची जातकुळीच त्या नियमाने ठरली. बुद्धिबळातलं प्यादं पुढच्या डावात पटावर परत येतं. इथे नाव, चेहरा आणि शिकवून वाढवलेलं कसब, सगळंच जातं. 1996च्या भागात तर लग्नं होतात आणि कथेच्या उत्तरार्धात त्या जोडप्यांची मुलं लढायला येतात; आईबाप कोण, त्यावर मुलांची ताकद ठरते. 2002च्या ‘बाइंडिंग ब्लेड’मध्ये आज आपण ज्याला सपोर्ट म्हणतो ती, दोन पात्रांचं नातं संवादांतून वाढवण्याची पद्धत आली. दोघांचं नातं वाढवायचं तर टर्न संपताना त्यांना मॅपवर शेजारी शेजारी उभं ठेवावं लागे. संवादही लढाईच्या मधोमध होत. एका पात्राला असे पाचच संवाद, आणि मैत्रीचा फायदा मिळायचा तर जोडीदार तीन चौकोनांच्या आत हवा. म्हणजे कोणाला कोणाजवळ ठेवायचं हा व्यूहाचा प्रश्न होता आणि मैत्रीचाही. दोन्ही वेगळे काढायची सोयच नव्हती.

थ्री हाऊसेसने ते मैदानातून उचलून अकादमी जिथे आहे त्या गॅरेग माकच्या मठात आणलं, एवढाच फरक. विद्यार्थ्याची मोटिव्हेशन, म्हणजे शिकण्याची उमेद, जितकी, तितकंच त्याला त्या आठवड्यात शिकवता येतं. आणि ती वाढते कशाने, तर एकत्र जेवल्याने, भेट दिल्याने, हरवलेली वस्तू शोधून दिल्याने. सुईदोरा कोणाचा असेल हे ओळखायला मुलं माहीत असावी लागतात. तो बर्नाडेटाचा, हे तिची खोली पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. मग हीच माणसं मैदानात जोडीने लढतात तेव्हा त्यांच्यातल्या नात्याच्या दर्जाप्रमाणे नेम सुधारतो, वार चुकवता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मठातली धावपळ लांबते, कथेचा पूर्वार्धही बराचसा तोच तो येतो, ही तुमची तक्रार रास्त आहे. तिथे मीही पुष्कळ काही सोडून देते. संवाद सोडत नाही.

आता वेळ मागे फिरवण्याचं. वेळ मागे नेणाऱ्या डिव्हाइन पल्स या शक्तीने मरण स्वस्त झालं, असं तुम्ही म्हणता. तुम्ही दहाव्या प्रकरणापर्यंत आला आहात, म्हणजे जेराल्टचा, आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या बायलेथच्या वडिलांचा, मृत्यू होऊन गेला आहे. तो प्रसंगही आपण स्किप केला असं तुम्हीच लिहिलंय. त्यात काय होतं ते सांगते. एका पोरीने जेराल्टच्या पाठीत खंजीर खुपसल्यावर बायलेथ तीच शक्ती वापरतो, जी तुम्ही आणि मी दर लढाईत चुकलेली चाल सुधारायला वापरतो. वेळ मागे जाते, तलवार उगारली जाते, आणि मधे कोणीतरी येऊन ती अडवतं. बाप पुन्हा मरतो. ज्या बायलेथच्या चेहऱ्यावर तोवर काही उमटत नव्हतं, तो तिथे पहिल्यांदा रडतो. हे बटण हाताशी आहे म्हणून आठ प्रकरणं निर्धास्त खेळलेल्या माणसाला तो क्षण जसा लागतो, तसा ते बटण नसतं तर लागला नसता. नियम आणि नातं एकाच जागी आणून इतक्या ताकदीने आदळलेलं मी दुसऱ्या गेममध्ये क्वचितच पाहिलं आहे.

(पुढच्या परिच्छेदात कथेच्या उत्तरार्धातली एक मोठी गोष्ट उघड होते. नको असेल तर तो सोडा.)

सातव्या प्रकरणातली ग्रॉन्डरच्या मैदानावरची लुटुपुटीची लढाई तुम्हाला आठवत असेल. मधल्या टेकडीवर बॅलिस्टा, म्हणजे मोठे बाण फेकणारं यंत्र, त्यावर बर्नाडेटा. ती पडली तरी कोणी मरत नाही, संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात. पाच वर्षांनी तेच मैदान पुन्हा येतं. तीच टेकडी, तोच बॅलिस्टा, आणि ब्लू लायन्सच्या बाजूने खेळताना तुम्ही तिला आपल्याकडे वळवलं नसेल तर त्यावर तीच. या वेळी शत्रूपक्षाची सम्राज्ञी एडेलगार्ड हिच्या हुकमाने टेकडी पेटवून दिली जाते. नुसतं मॅप म्हणून पाहिलं तर हा एक सापळा आहे: उंच जागा घ्या, पण आगीत सापडू नका. सोडवायला फारसा अवघडही नाही. पण जिने कधी खोलीचं दार उघडलं नाही, ती भर मैदानात पेटत्या टेकडीवर आपल्या विरुद्ध उभी आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा हात त्या चालीवर थांबतो. डावपेच तेच, वजन वेगळं. ते वजन मला हवं असतं, मी त्यासाठीच खेळते.

‘काल्पनिक पात्रांत जीव गुंतवू नये’ हे तुमचं शेवटचं वाक्य मी वाचलं. कीर्तनात, नाटकात, कादंबरीत आपण तो पिढ्यानपिढ्या गुंतवत आलो आहोत, त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. गेमनेच काय घोडं मारलंय?

तुमच्या गोल्डन डिअर या घराच्या सेव्हबद्दल दोन गोष्टी. लिसिथियाला तुम्ही ‘फुंकरीने उडणारी तोफ’ म्हटलंय ते बरोबर आहे: जादू अफाट, अंगात दम नाही, आणि लढाईत कौशल्यं इतरांच्या दुप्पट वेगाने शिकते. तिला एवढी घाई का आहे, हे तिच्या सपोर्ट संवादांत आहे, ते तेवढे पाहा. आणि तुमच्या वाटेतही ग्रॉन्डर दुसऱ्यांदा येतंच. दुसऱ्या घरातलं कोणी आपल्याकडे घ्यायचं असेल तर पाच वर्षांची उडी येण्याआधीच घ्यावं लागतं, म्हणजे तुमच्याकडे मठात फिरायचे अजून थोडे रविवार आहेत. बर्नाडेटाला घेतलंत तर कळवा.