दोन्ही अ‍ॅम्फोटेरिसिन सारखीच? मुळीच नाही

‘लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन म्हणजे तेच जुनं इंजेक्शन, फक्त महाग करून विकलेलं, मिळेल ते द्या, डोस तोच,’ असा समज पसरलेला आहे. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या (‘काळी बुरशी’ या आजाराच्या) इंजेक्शनांसाठी वणवण केलेल्या घरांना तो पटकन पटतो. पण मूळ औषध एकच, एवढाच भाग त्यात खरा आहे.

अ‍ॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं. आपल्या पेशींनाही ते थोडंफार चिकटतं, म्हणून साध्या इंजेक्शनाचा मार मूत्रपिंडावर बसतो. लायपोसोमल प्रकारात हेच औषध १०० नॅनोमीटरपेक्षा लहान मेदकणांच्या भिंतीत बसवलेलं असतं. बुरशीपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातलं बरंचसं तिथेच राहतं, मूत्रपिंडाला कमी त्रास होतो आणि म्हणूनच मोठा डोस देता येतो: म्युकरमध्ये साधारणपणे दर किलो वजनामागे रोज ५ ते १० मिलिग्रॅम.

साध्या इंजेक्शनाची कमाल मर्यादा मात्र दर किलो वजनामागे रोज १.५ मिलिग्रॅम आहे. लायपोसोमलसाठीचा मोठा डोस चुकून साध्या इंजेक्शनाचा दिला, तर हृदय बंद पडू शकतं. अशा चुकांत माणसं दगावली आहेत. नातेवाइकांनी कुपीवरचं पूर्ण नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावं आणि फरक दिसला तर इंजेक्शन देण्याआधीच विचारावं.