क्ले म्हणा की अली

आमच्या जुन्या होस्टेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून नावाचा वाद पेटतो. कोणी सहज 'औरंगाबादला चाललोय' लिहितो, दुसरा 'संभाजीनगर म्हण' म्हणून टोकतो, तिसरा उस्मानाबाद की धाराशिव ते उकरून काढतो. शेवटी आमचा नांदेडचा मित्र ठेवणीतलं वाक्य टाकतो : 'नाव बदलून काय होतंय रे? नळाला पाणी येतंय का?' त्यावर सगळे अंगठे दाखवतात आणि विषय तेवढ्यापुरता मिटतो.

मी राहतो अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिलला. जगज्जेता बॉक्सर मुहम्मद अलीचं हे जन्मगाव. त्याच्या नावाचं संग्रहालय इथे आहे, 2019 पासून विमानतळालाही त्याचंच नाव आहे. इथे राहून त्या मित्राचं वाक्य काही केल्या गळी उतरत नाही.

अलीचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांवर लोकांची नावं काढून त्यांनी घर चालवलं. त्यांचं स्वतःचं नाव कॅशियस मार्सेलस क्ले, तेच त्यांनी 1942 साली जन्मलेल्या मुलाला दिलं. हे नाव मुळात केंटकीतल्याच एका गोऱ्या जमीनदार पुढाऱ्याचं, आणि गंमत अशी की तो गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला माणूस. तरीही मुलाला ते नको होतं. नाव सज्जनाचं असलं तरी ते मालकांच्या वंशावळीतून आलेलं होतं, आणि ती वंशावळ त्याची नव्हती.

बारा वर्षांचा असताना त्याची सायकल चोरीला गेली. चोराला बडवून काढतो म्हणून तो फणफणत होता. समोरचा पोलीस, जो मार्टिन, तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. तो म्हणाला, आधी ठोसे मारायला तर शीक. 1960 मध्ये अठराव्या वर्षी रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन हा गावात परतला, तेव्हा गावातल्या कितीतरी हॉटेलांत काळ्या माणसाला बसायला जागा नव्हती. फेब्रुवारी 1964 मध्ये सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि लगोलग त्याने धर्म आणि नाव दोन्ही बदलल्याचं जाहीर केलं.

पुढच्या लढती, फ्रेझर आणि फोरमनशी झालेल्या, किन्शासा आणि मनिलात गाजलेल्या, शौकिनांना तोंडपाठ असतात. 61 लढतींत 56 विजय. मला त्यांच्यापेक्षा 6 फेब्रुवारी 1967 ची ह्यूस्टनची लढत जास्त बोलकी वाटते. प्रतिस्पर्धी अर्नी टेरेल त्याला हट्टाने 'क्ले'च म्हणत होता. अलीने त्याला पंधराही फेऱ्या झोडपलं, आणि मारता मारता विचारत राहिला : 'माझं नाव काय?' क्रूर लढत होती ती, पाहताना आजही अंगावर येते. पण मोठमोठी वर्तमानपत्रंही तेव्हा त्याला क्ले म्हणूनच छापत होती, हे विसरून त्या क्रूरपणाचा न्याय करता येत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला. किताब गेला, खेळायचे परवाने गेले, पाच वर्षांची शिक्षा लागली. अपिलामुळे तुरुंग टळला, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. जून 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्या खटल्याचं नाव पाहा : 'क्ले विरुद्ध युनायटेड स्टेट्स'. निर्दोष ठरला तोही क्ले म्हणूनच. आणि 1966 मध्ये याच केंटकीच्या सिनेटने त्याच्या निषेधाचा ठराव केला होता. विमानतळाच्या पाटीखाली सेल्फी काढणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

1978 मध्ये लुइव्हिलने आपल्या वॉलनट स्ट्रीटचं नाव मुहम्मद अली बुलेव्हार्ड केलं. त्याच वर्षी 27 जुलैला तिकडे मुंबईत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं गाव सोडून पळाली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. आमच्या वाड्यात त्या काळी 'आमच्या प्रदेशाचं नाव राहू द्या' असंच बोललं जायचं. निझामाच्या राज्यातून सुटलेल्या मागास भागाची अस्मिता हा काही पोकळ मुद्दा नव्हता. पण त्यासाठी घरं जळली ती कोणाची, हा प्रश्न आला की वाड्यातले लोक पावसापाण्यावर यायचे. साडेपंधरा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 ला नामांतराऐवजी नामविस्तार झाला, दोन्ही नावं ठेवून.

माझे शेजारी ऐंशीच्या पुढचे गोरे गृहस्थ आहेत. अंगणातलं गवत कापता कापता थांबून गप्पा मारतात. अलीचं कौतुक भरभरून करतात, पण त्याला म्हणतात 'कॅशियस'. का, तर लहानपणापासूनची सवय. आमच्या गटावरचे निम्मे लोक आजही 'मराठवाडा विद्यापीठ' एवढंच लिहितात. नाव लांबलचक पडतं, हे त्यांचं कारण. शहराच्या नव्या नावासाठी दुसऱ्याला टोकणारा गडीसुद्धा त्यांतलाच.

शहरांच्या नावांचा वाद मी वेगळ्या खात्यात ठेवतो. तो निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, दिल्लीने शिक्कामोर्तब केलं. त्याने कोणी सुखावलं, कोणी दुखावलं, आणि पाण्याचा टँकर होता तिथेच आहे. तिथे मित्राचं वाक्य चालेल. पण ते विद्यापीठालाही लावायचं म्हटलं, तर मी अडतो.

कारण मुहम्मद अली बुलेव्हार्डही मी पाहतो. वॉलनट स्ट्रीट म्हणजे एकेकाळी काळ्या लोकांची बाजारपेठ. दवाखाने, विमा कंपन्या, थिएटरं, सगळं तिथे. नाव मिळण्याच्या कितीतरी आधी, शहराच्या पुनर्विकासाच्या नावाखाली ती पाडली गेली. आज नवव्या रस्त्याच्या पश्चिमेला गेलं की मोकळे प्लॉट लागतात आणि ताज्या भाजीसाठी लांब जावं लागतं. हे मी गटावर लिहिलं, तर मित्राचं उत्तर तयार : 'बघ, नाव देऊन काय झालं?' मी त्याला विचारलं, दुकानं नावाने पाडली का रे? आणि 1978 मध्ये 'नाव कशाला, त्यापेक्षा शिक्षण द्या, नोकऱ्या द्या' म्हणणाऱ्यांनी नंतर त्यासाठी एक तरी मोर्चा काढला होता का? आपल्या तालुक्यातला एखादा आठवत असेल तर सांग. त्यावर त्याने सोयाबीनचा भाव टाकला.