पुतळा फुटांत मोजू नका

डिसेंबर २०२५ मध्ये राम सुतार गेले तेव्हा जवळपास प्रत्येक बातमीत पहिला आकडा होता त्यांनी घडवलेल्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचा, १८२ मीटरचा. शंभरी पूर्ण केलेला एवढा मोठा शिल्पकार गेला आणि आपण पुतळ्याची उंची सांगत बसलो. मला ते तेव्हाच खटकलं होतं. आता सिंहस्थ तोंडावर आलाय, चौकाचौकांच्या सुशोभीकरणाच्या गप्पा चालल्यात, त्यामुळे जास्तच खटकतंय. आपल्या नाशकात कुठल्याही पुतळ्याचा विषय निघू द्या, पहिला प्रश्न ठरलेला: किती फुटी?

सुतार तसे आपल्या शेजारचे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, १९२५ चा जन्म, घरात सुतारकाम. श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी पोराच्या हातातली कला ओळखली आणि त्याला मुंबईला, जे. जे. कला महाविद्यालयात जायला बळ दिलं. १९५३ मध्ये तिथलं मेयो सुवर्णपदक मिळालं. मी स्वतः कलाशिक्षक आहे, म्हणून या सगळ्या कहाणीत मला आधी जोशी गुरुजी दिसतात. शाळेत चित्रकलेचा तास कापून गणिताला देणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पुढची चार वर्षं, १९५४ ते ५८, सुतार पुरातत्त्व खात्यात होते. अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांची डागडुजी करत होते. मला वाटतं, खरं शिक्षण तिथेच झालं. तुटलेलं बोट पुन्हा घडवायचं तर मूळ कारागिराचा हात कसा चालला असेल हे आधी समजून घ्यावं लागतं, आणि तिथे आपली हौस बाजूला ठेवावी लागते.

मग आली चंबळ. गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळमाता त्यांनी काँक्रीटच्या अखंड ठोकळ्यातून कोरली. जवळ दोन मुलं, मध्य प्रदेश आणि राजस्थान. हातून चुकलं तर काँक्रीट परत जोडता येत नाही. ते काम पाहून नेहरूंनी भाक्रा धरणासाठी कष्टकऱ्यांचं ५० फुटी शिल्प करायला सांगितलं. पैशांअभावी ते झालंच नाही. मला विचाराल तर सुतारांच्या सगळ्या कामांत याच न झालेल्या कामाची हळहळ सर्वांत जास्त वाटते. नेत्यांचे पुतळे पुष्कळ झाले, धरण बांधणाऱ्या हातांचा राहून गेला.

सरदारांच्या पुतळ्यातही मला उंचीपेक्षा पाय महत्त्वाचे वाटतात. आधी ३ फुटी, मग १८, मग ३० फुटी नमुना झाला, आणि त्या मोठ्या नमुन्याचं स्कॅनिंग करून पुढचं काम झालं. सरदार धोतर नेसलेले, पायात चपला, म्हणजे पुतळा खाली बारीक आणि वर रुंद. अभियंत्यांच्या दृष्टीने ही डोकेदुखीच. तरी सरदार सरदारांसारखेच उभे राहिले आणि वाऱ्या-भूकंपाचा हिशेब त्या ठेवणीभोवती मांडला गेला. माणूस ओळखू येणं आधी, बाकी सगळं नंतर.

मुलांना मी नेहमी दोन गोष्टी दाखवतो. उंच पुतळा आपण खालून बघतो, त्यामुळे डोकं मापात घडवलं तर लहान दिसतं. म्हणून शिल्पकार ते जाणूनबुजून थोडं मोठं घेतो. आणि डोळ्याची बाहुली ब्राँझमध्ये रंगवलेली नसते, तिथे खळगा असतो. त्यात सावली पडते आणि नजर जिवंत होते. खळगा जरा उथळ झाला की महापुरुष आंधळा दिसायला लागतो. असे पुतळे आपल्याकडे कमी नाहीत, हार घालायच्या गडबडीत कोणी वर बघत नाही एवढंच.

पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्याशी जरा थांबा. ओसरीच्या तळाशी गण आहेत, जमिनीतून अर्धेच वर आलेले, अख्ख्या लेण्याचा भार खांद्यावर घेतलेले. दगडच तो, पण त्या खांद्यांकडे बघताना आपले खांदे अवघडतात. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं नाशिकचं काम आहे हे. त्यांची उंची आजवर कोणी विचारलेली मी ऐकली नाही.

मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. त्या दिवशी माझ्या वर्गातली मुलं गप्प होती. नंतर तिथे नवा पुतळा उभारायचं काम सुतारांकडेच आलं, आणि शंभरीच्या उंबरठ्यावर त्यांनी ते केलं. अनावरणाची तारीख आधी ठरवायची आणि त्या तारखेत माती, साचा, ओतकाम, जोडकाम सगळं कोंबायचं, ही पद्धत मला महाराजांचा अपमान वाटते.

म्हणून महापालिकेकडे आणि आपल्या मंडळांकडे माझं मागणं आहे. पुतळा ठरला की आधी शिल्पकार निवडा, त्याचं जुनं काम प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि तारीख त्याला विचारून ठरवा. मातीचा नमुना कालिदास कलामंदिरात आठवडाभर ठेवा. शाळांना बोलवा, चेहरा ओळखीचा वाटतो का ते लोकांना सांगू द्या. ब्राँझ ओतल्यावर तक्रार करून काही होत नाही. आणि चौथऱ्यावर अनावरण करणाऱ्यांच्या यादीत शिल्पकाराचं नाव घाला, वाचता येईल एवढ्या अक्षरात. ज्यांना हे पटतंय त्यांनी आपापल्या प्रभागात लेखी मागणी द्या. मी माझ्या प्रभागात देतोय.