‘एक नाशिककर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक नाशिककर’ यांस,

स. न. वि. वि. कारखान्यातल्या व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीवरच्या (व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवला की भोवती दिसणारं संगणकी जग) माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : ‘लेख एकांगी आहे. चक्कर-मळमळ एका ओळीत उरकली, लहान मुलांच्या डोळ्यांचा उल्लेखच नाही. लेखकाने हेडसेट कधी डोक्याला लावलेला दिसत नाही, सगळा इकडून तिकडून गोळा केलेला माल.’ आणि शेवटी हात जोडल्याचं चिन्ह! आधी थोबाडीत द्यायची आणि मग नमस्कार करायचा, ही पद्धत पंचवटीतली की सिडकोतली?

मान्य करायचं ते आधीच करून टाकतो. शीर्षकातली ‘क्रांती’ जरा जास्त झाली. पुढे.

हेडसेट कधी लावला नाही म्हणे! अहो, अख्खी नोकरी आपल्या नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनच्या, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू बनवायच्या शेडमध्ये गेली माझी. आयटीआय करून आलेली पोरं हाताखाली असायची. नव्या पोराने वेल्डिंगचा होल्डर धरला की पहिल्यांदा त्यातला रॉड प्लेटला चिकटतो. तो घाबरून हिसके देतो, तोवर रॉड लालभडक होऊन वरचा फ्लक्सचा लेप गळायला लागतो. तोंडावरची काच खाली घ्यायच्या आधीच आर्क (वेल्डिंगचा झगझगीत जाळ) मारायची सवय, मग रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून तळमळणारी पोरं मी पाहिली आहेत. डोळ्यांची काळजी मला कोणी शिकवू नये.

निवृत्तीच्या जरा आधी आमच्याकडे वेल्डिंगचा सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करणारं यंत्र आलं. हेल्मेटच्या आत पडदा, हातात खऱ्यासारखी टॉर्च. हात किती वेगाने सरकतोय, टॉर्च किती कोनात धरली आहे, टोक प्लेटपासून किती लांब आहे, सगळं मोजून बीड (वेल्डिंगची एक ओळ) संपल्यावर मार्क देतो. प्लेट वाया जात नाही, गॅस खर्च होत नाही. मला किती मार्क पडले ते सांगत नाही, पोरं अजून हसतात. तोटाही मी लेखात लिहिला होता, आपण तिथवर पोचला नसाल : त्यात धग नाही, धूर नाही, ठिणगी बुटात शिरत नाही. म्हणून सिम्युलेटरवर पास झालेल्याला आम्ही लगेच जॉबवर उभं करत नव्हतो. आता सांगा, हे कुठून गोळा केलं मी?

राहिली चक्कर. येते. मलाही आली. नातवाच्या हट्टापायी कॉलेज रोडच्या एका गेमिंग झोनमध्ये हेडसेट लावून रोलर कोस्टरवर बसलो आणि नंतर बाकावर टेकून लिंबू सरबत मागवावं लागलं. (म्हणजे हेडसेट दोनदा तरी लावला आहे, नोंद घ्यावी.) डोळे म्हणतात, कोसळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, खुर्चीत बसलाय. दोघांचं पटत नाही आणि पोट ढवळतं. डोकं वळवल्यावर चित्र जरा उशिरा वळलं तरी तेच होतं. आमची पोरं मात्र सिम्युलेटरवर ठणठणीत असायची, कारण तिथे माणूस हलेल तेवढंच चित्र हलतं. चित्र उशिरा वळलं तर दोष हेडसेटचा, एरवी त्यात काय दाखवता त्याचा. एवढंच सांगायला एक ओळ पुरते, तेवढीच मी दिली.

एकांगी म्हणालात, म्हणून लेखात नसलेलंही सांगतो. भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग करताना त्यांचं लक्ष दुखण्यावरून हटावं म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी बर्फाचे गोळे फेकायचा व्हीआर खेळ बनवला, आणि रुग्णांना वेदना कमी जाणवल्या. तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हीआर उपचाराला परवानगी दिली. हे मी वाचून लिहितोय, घ्या, हा गोळा केलेला माल! खोटा असेल तर दाखवा.

मुलांचे डोळे? शेडमध्ये लहान मुलं नसतात. हेडसेट विकणाऱ्या मेटाने (फेसबुकवाली कंपनी) २०२३ मध्ये वापरणाऱ्याच्या किमान वयाची अट १३ वरून १० वर आणली, त्याचा जाब त्यांना विचारा. माझ्या नातवाचं विचाराल, तर तो आमच्या घरातला प्रश्न आहे.

आणि पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा खाली खरं नाव घाला. माझं लेखावर आहे, फोटोसकट.