रक्तवाढीची गोळी, काळं बाळ आणि पणजीची आठ बाळंतपणं

भाचीला पाचवा महिना लागला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा उगवला. वर मथळा 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत', खाली जोडलेल्या हातांची रांग आणि 'प्रत्येक गरोदर बहिणीपर्यंत पोहोचवा' अशी विनंती. मजकूर थोडक्यात असा: आपल्या पणज्यांनी एकही गोळी न घेता, शेतात राबत आठ-आठ बाळंतपणं केली. रक्तवाढीच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. गरोदरपणात एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) उतरणं नैसर्गिक आहे. त्याचा आजार कंपन्यांनी बनवला. गूळ, बीट, खजूर खा, पुरे. आणि सातव्या महिन्यापासून जेवण निम्म्यावर आणा, जडकामं सोडू नका, म्हणजे बाळ लहान राहून 'नॉर्मल' होईल.

"मावशी, यातलं खरं काय गं?" असं तिने विचारलं. उत्तर लिहायला बसले आणि ते लांबत गेलं.

पणजीपासून सुरुवात करते. आठ बाळंतपणं झालेली पणजी आपल्याला आठवते, कारण ती जगली. दुसऱ्या खेपेला गेलेल्या बाईचा फोटो भिंतीवर नसतो. असतो तो पणजोबांच्या दुसऱ्या बायकोचा. देशातल्या आरोग्याचा आढावा घेणाऱ्या सरकारी भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशातल्या मातामृत्यूंचा अंदाज दिला होता: दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २०. म्हणजे लाखामागे दोन हजार. जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये तो आकडा लाखामागे ९७ वर आला होता, महाराष्ट्रात ३३ वर. हे सगळं गोळीने झालं असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातली बाळंतपणं, रक्तपेढ्या, रस्ते, उशिरा होणारी लग्नं, कमी खेपा, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण 'तेव्हा सगळं छान होतं' हे तर साफ खोटं.

त्यातही रक्ताचा विषय. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली ती याच कामासाठी. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, काही दगावत होत्या, आणि कारण सापडत नव्हतं. तिने त्यांच्या घरचं खाणं तपासलं, हाफकिन संस्थेत उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टचा अर्क दिल्यावर बायकांचं रक्त वाढतंय असं तिच्या लक्षात आलं. त्या अर्कातला कामाचा घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आज जगभर गरोदर स्त्रियांना फॉलिक ॲसिड (फोलेटचंच गोळीतलं रूप) देतात, आपल्या रक्तवाढीच्या गोळीतही लोहाच्या जोडीला ते असतं. त्याचा एक धागा परळच्या गिरणगावात आहे. ज्या पणज्यांच्या नावाने हा मेसेज गोळी टाकून द्यायला सांगतो, त्यांच्याच पिढीच्या आजारपणातून ती गोळी आली.

काळ्या बाळाबद्दल फार लिहीत नाही. कातडीचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि ते किती असावं हे आईबापांकडून येतं. लोहाने बाळ काळं होत नाही, तसं केशराने गोरंही होत नाही. गोळी सुरू झाली की शौचाला मात्र काळं होतं, कारण न शोषलेलं लोह बाहेर पडतं. या समजुतीचं मूळ बहुधा तिथेच असावं. बाळ फाजील मोठं होण्यामागे अनेकदा आईची वाढलेली साखर असते. काळजीच करायची तर साखरेची तपासणी करून घ्या.

एचबी उतरण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. गरोदरपणात रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, रक्त पातळ होतं, एचबी थोडं खाली येतंच. पण ते डॉक्टरांना ठाऊक आहे! एरवी बाईसाठी १२ ही खालची मर्यादा, गरोदर बाईसाठी ती ११ धरतात. नैसर्गिक उतार आधीच वजा केलेला आहे. त्याच्याही खाली देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सापडल्या. सातच्या खाली एचबी असलेल्या बाईला बाळंतपणात एरवी झेपला असता तेवढा रक्तस्रावही झेपत नाही.

आणि कंपन्यांचा धंदा? ती लाल गोळी आशाताई फुकट देते. संशोधक डोस वाढवतच नेतात असंही नाही. कॅल्शियमचंच घ्या. गरोदरपणातला घातक रक्तदाब टाळायला रोज दीड ग्रॅम लागतं की अर्ध्या ग्रॅमवर भागतं, हे बेंगळुरू आणि टांझानियात मिळून २२ हजार स्त्रियांवर तपासलं गेलं. २०२४ च्या सुरुवातीला निकाल आला: अर्धा ग्रॅमही तितकाच उपयोगी.

गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि दवाखान्यात ती कानाआड केली जाते हेही खरं. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १८० दिवस गोळ्या घेतलेल्या स्त्रिया फक्त २६ टक्के निघाल्या. शिवाय प्रत्येक पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणं, लोहाच्या कमतरतेमुळे नसतो. बी-१२ कमी असेल किंवा विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या काही समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर नुसत्या लोहाने एचबी चढत नाही, तपासणी लागते.

आता गूळ-बीट. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत शरीराला मिळून साधारण एक ग्रॅम लोह जादा लागतं. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. शंभर ग्रॅम गुळात पाच मिलिग्रॅमच्या आतच, आणि डाळ-भाकरीच्या जेवणातून लोह शोषलं जातं ते शेकड्याला पाच-आठ. गोळीइतकं लोह गुळातून मिळवायचं तर रोज किलोभराहून जास्त गूळ खावा लागेल. मग साखरेचं काय ते बघा. बीट लाल असतं ते त्यातल्या रंगद्रव्यामुळे, लोहाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यापेक्षा अळीव, पालेभाजी, लोखंडी कढईतली आमटी, वर लिंबू पिळलेलं, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, हे कितीतरी कामाचं. पण हे गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे.

आता ज्या वाक्यासाठी मी लिहायला बसले ते: 'सातव्या महिन्यापासून जेवण निम्म्यावर आणा.'

ही समजूत जुनी आहे. मार्क आणि मिमी निक्टर या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दक्षिण कन्नड भागातल्या बायकांचं म्हणणं नोंदवलं होतं: पोटात जागा एकच, ती अन्नाने भरली तर बाळाला कुठली? प्रत्यक्षात अन्न जठरात जातं आणि बाळ गर्भाशयात असतं. दोन वेगळ्या खोल्या. (नवव्या महिन्यात तूप पिऊन वाट गुळगुळीत होते म्हणतात, तिथेही हाच घोळ.)

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर जवळपास आठशे गरोदर स्त्रियांचं खाणं, काम आणि पुढे त्यांची बाळं मोजली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण ती सगळीकडून सारखी लहान नव्हती. पोटाचा घेर आणि दंड सर्वांत मागे, डोकं त्या मानाने कमी मागे, आणि कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. 'हडकुळं पण चरबीदार' बाळ, पुढे मधुमेहाकडे झुकणारं. ही तुलना दोन देशांतल्या बाळांची आहे, उपास घडवून केलेला प्रयोग नव्हे. तरी मेसेजवाल्यांनी एवढं पाहावं. बाळंतपणात वाट अडते ती बहुतेक डोक्यापाशी. कमी पोषणात बाळाचं डोकं सगळ्यांत शेवटी तडजोड करतं. आधी स्नायू जातात, यकृत-मूत्रपिंडं बारकी राहतात. म्हणजे वाचवायला निघालो सिझर आणि कापलं भलतंच.

त्याच गावांत दिसलं की पालेभाजी, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती, आणि शेतातली, पाणी वाहण्याची कष्टाची कामं जास्त करणाऱ्यांची लहान. चालणं, घरातली हलकी कामं चांगलीच. पण डोक्यावरचा हंडा म्हणजे व्यायाम नाही.

मुळात निम्म्यावर आणायला ताटात असतं किती? संशोधक डायान कॉफी यांनी २००५-०६ च्या आकडेवारीवरून दाखवलं की गरोदरपण सुरू होताना ४२ टक्के भारतीय स्त्रियांचं वजन हवं त्यापेक्षा कमी होतं, आणि पूर्ण गरोदरपणात ते वाढायचं सुमारे ७ किलो. अपेक्षा असते १० ते १२ ची. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, पण सगळ्यांना वाढून उरेल ते सुनेचं, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. राज्याच्या आदिवासी भागांत २०१५ च्या शेवटी सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत बसवून गरम जेवण वाढतात. शिधा घरी दिला की तो सगळ्यांत वाटला जातो. जादा लागतं ते तरी किती? दिवसाला ३५० कॅलरी: एक भाकरी, वाटीभर उसळ, कपभर दूध.

आणि सातवा महिना म्हणजे डोहाळजेवणाचा. पणजीच्या काळीही त्या दिवशी पाच पक्वान्नं करून तिला पाटावर बसवत. पणजीचं नाव घेऊन ताट निम्मं करायला सांगणाऱ्याला हे आठवू नये, याची गंमत वाटते.

भाचीचं एचबी ९.८ आहे. सकाळी गोळी घेतली की मळमळायचं, म्हणून डॉक्टरांना विचारून ती आता रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घेते, कॅल्शियमची दुपारी जेवणानंतर, म्हणजे दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत. चहा अजून सुटलेला नाही. बी-१२ चा रिपोर्ट गुरुवारी येणार आहे.