वही, चाळीस पोरं आणि एक बाई

मनिलाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात परवा एका बाईने मला सावकार ठरवलं. अजून डोक्यातून जात नाही.

बाई साठीच्या. एका हातात सेल्फीची काठी, दुसऱ्यात पंखा. समोर हुआन लूनाचं १८८४ सालचं 'स्पोलियारियम', साडेसात मीटरांहून लांब. मेलेल्या ग्लॅडिएटरांना फरफटत नेताहेत. बाईंचं लक्ष मात्र माझ्या वहीकडे. मग माझ्या चेहऱ्याकडे. मग हळूच, ''सर, फाइव्ह-सिक्स?''

इथे मोटरसायकलवर घरोघर फिरून पाच पेसो देणारे नि सहा वसूल करणारे भारतीय असतात. लोक त्यांना 'बुंबाय' म्हणतात. मी खरोखरच मुंबईचा, त्यामुळे रागवायचीही सोय नाही.

''नाही हो, ही गावच्या शाळेची पोरं, सहलीला आणलीत.''

''पोरांनाही देता?''

''ही हजेरी आहे.''

''मग नावापुढे इतक्या खुणा?''

''पहिली बसमध्ये चढताना, दुसरी उतरल्यावर, तिसरी संडासानंतर.''

''आणि ह्याच्यापुढे गोल?''

''हा वाटेत ओकला.''

बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. ''म्हणजे थकबाकी.''

आता ओकण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण सहलीच्या पत्रकात ते कधीच नसतं. ज्यांना बस लागते त्यांना पुढे, खिडकीशी बसवायचं. मागच्या चाकावर तर मुळीच नाही. पिशव्या एकात एक दोन, आणि आधी फुंकून बघायच्या, कारण भोक असलेली पिशवी ऐन वेळीच कळते. पहाटे रांधलेला डबा दुपारपर्यंत टिकवायचा तर अडोबो, म्हणजे इथलं मांसाचं कालवण बरं, त्यात व्हिनेगर असतं. तो बसमध्येच ठेवायचा, दालनात खाणं चालत नाही. संडासाचं गणित वेगळंच: चाळीस पोरं, तीन दारं, दरडोई दोन मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. पत्रकात लिहिलेलं असतं 'दहा'.

तेवढ्यात बाईंना फोटो हवा झाला. पोरं गुमान बाजूला सरली. मी मोजली, एकोणचाळीस! घाम फुटला. चाळिसावा बाईंच्या पाठीशी उभा राहून चित्रातल्या मेलेल्या माणसाची बोटं मोजत होता, फोटोतही आला. मी वहीत खूण केली.

''फेडलं वाटतं,'' बाई म्हणाल्या.

संग्रहालयाला २०१६पासून तिकीट नाही, म्हणून सगळे म्हणतात, ''सहल फुकटात होते की!'' बस, डिझेल, टोल, चालकाचं जेवण कोण देतं? गावात भाताच्या पैशातून वर्गणी निघते, आणि ज्यांच्याकडे नसते त्यांची पोरं घरी राहतात.

एवढं करून निसर्ग संग्रहालयातल्या लोलोंगला, ६.१७ मीटरांच्या त्या मगरीला, दहा मिनिटं. ती शेवटी ठेवावी लागते, आधी दाखवली तर पोरं पुढे काहीच बघत नाहीत. आणि शेवटी ठेवली की चालक हॉर्न वाजवू लागतो, ट्रॅफिक लागेल म्हणून.

मॉलचा दीड तास मात्र कोणी कापत नाही. तिथे सरकत्या जिन्याखाली दोन मोठी माणसं पोरांना चढवायला, वर दोन उतरवून घ्यायला, कारण रबरी चपला कडेच्या फटीत अडकतात. या कामाला आमच्यातले चौघे हात वर करतात. चित्रासमोर उभं राहून चार वाक्यं बोला म्हटलं, की सगळ्यांना फोन येतात.