सात डबे शिल्लक

दिवाळीला तीन आठवडे असताना भाच्याने मला एक जाहिरात पाठवली. माझ्या वहिनीच्या फराळाची. इंदूरला रामबागेतल्या घरी ती दरवर्षी भाजणीची चकली, कडबोळी, अनारसे करून विकते. आधी ओळखीपाळखीतच जायचं, गेल्या वर्षापासून इन्स्टाग्रामवर. फोटोत चकलीचे काटे मोजता येत होते. खाली लाल अक्षरांत 'फक्त ७ डबे शिल्लक!' आणि शेजारी ८०० वर काट मारून ५६०.

"आत्या, सायकॉलॉजी वापरलीय. दोन दिवस झाले, मस्त चाललीय."

मी विचारलं, सातच का? म्हणाला, पाच खोटं वाटतं आणि दहा म्हणजे भरपूर वाटतात.

आता वहिनी ऑर्डर आल्यावरच तळते. शिल्लक नावाची गोष्ट त्या घरात नसते, उरलंच काही तर दादा संपवतो. आणि ८०० रुपये किलोने तिने चकली जन्मात विकलेली नाही. घरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं आणि वादाला तोंड फुटलं. दादा म्हणाला, गिऱ्हाईक काय कुक्कुलं बाळ आहे? ज्याला हाव सुटते तो फसतो. काका म्हणाले, सरकारने हे सगळं बंदच केलं पाहिजे. मग ते ठरलेलं वाक्य आलंच: तुम्ही हॉलंडात बसून तत्त्वं सांगा, इथे धंदा करून बघा.

ते लागलं. कारण हॉलंडात बसूनच मी फसलेय.

गोष्ट एका कोटाची. फेसबुकवर एक म्हातारं जोडपं दिसायला लागलं. आजोबांच्या गळ्यात मापाची टेप, मागे लाकडी कपाटं. ३० वर्षांनी ॲमस्टरडॅममधलं दुकान बंद करतोय, उरलेला माल ७० टक्के सवलतीत. पहिल्यांदा मी नुसतीच थांबले. आजोबा मला इंदूरच्या सीतलामाता बाजारातल्या आमच्या कापडवाल्यासारखे वाटले, जो आईला 'वहिनी, हा तुमच्यासाठीच ठेवलाय' म्हणायचा. त्यानंतर आजोबा रोज यायला लागले. पुन्हापुन्हा समोर येणारी गोष्ट निव्वळ ओळखीची झाली म्हणून आवडू लागते, हे रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच दाखवून दिलंय. तिसऱ्या आठवड्यात मी ८९ युरो भरून मोकळी झाले. लोकरीचा कोट तर घेतलाच, पण खरं म्हणजे त्या दोघांच्या म्हातारपणाला हातभार लावला अशी माझी समजूत होती.

कोट आला तो चीनहून, राखाडी प्लास्टिकच्या पाकिटात. लोकर औषधालाही नव्हती. परत पाठवायचा तर स्वतःच्या खर्चाने चीनला. नाहीतर १५ युरो घ्या आणि कोट ठेवा, असं उत्तर आलं. इथे अशा दुकानांना 'स्पोकविंकल' म्हणतात, म्हणजे भुताचं दुकान. नंतर फेसबुकच्या जाहिरात-संग्रहात शोधलं तर तेच आजोबा वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या नावांनी, दुकान बंद करताना सापडले.

त्यातून मी इथे एका कंपनीत ॲपचे स्क्रीन बनवते. बटण कुठल्या रंगाचं असावं यावर आमच्या तासतासभर बैठका होतात. म्हणजे कुक्कुलं बाळ मी नक्कीच नाही.

ऑफिसात जेवताना हे सांगितलं तेव्हा 'तू कशी फसलीस?' असं कुणीही विचारलं नाही. शेजारचा म्हणाला, जाहिरात दाखव. मग सगळे मोबाइलवर वाकून ती कुठे काय करते हे शोधायला लागले. इंदूरच्या घरी मात्र मी ते महिनोनमहिने बोलले नव्हते. आपल्याकडे वाद नेहमी माणसावर येतो: हाव, बावळटपणा, डोळे कुठे होते. इथे तो बटणावर येतो. हॉलंडातली माणसं आपल्यापेक्षा सरळ आहेत असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. नाहीत. फक्त फसणाऱ्याला इथे लाज कमी वाटते, म्हणून तो तक्रार करतो.

या वेळी ग्रुपवर मी कोटाची सगळी कथा लिहिली. दहा मिनिटांत काकूचा वेगळा मेसेज आला. गुडघ्यांसाठी पांढऱ्या कोटातल्या 'डॉक्टर'ने सांगितलेल्या तेलाच्या तीन बाटल्या तिने मागवल्यात, 'ऑफर रात्री १२ ला संपते' म्हणून. १२ नंतरही ती संपली नाही, हे तिने बघितलंय. कोणाला सांगू नकोस, म्हणाली. (काका हे वाचत नाहीत.)

दादाचा दुसरा मुद्दा असा की दुकानदार हे पहिल्यापासून करत आलेत. खरंय. इंदूरच्या सराफ्यात रात्री खायला गेलो की आपण गर्दी बघूनच ठेला ठरवतो आणि द्रोण हवेत उडवणारा दहीवडेवाला ही जाहिरातच आहे. पण ती गर्दी खरी असते, शेजारी उभं राहून खात असते. मोबाइलवर मी एकटी असते. मला काय दिसलं हे शेजारच्याला दिसत नाही. फेसबुकचा जाहिरातींचा लिलाव नुसत्या पैशांवर चालत नाही. हा माणूस क्लिक करण्याची, विकत घेण्याची शक्यता किती, हा अंदाजही त्या बोलीला गुणला जातो. सराफ्यातला ठेलेवाला सगळ्यांना एकच हाक मारतो. ही हाक मात्र थांबणाऱ्यालाच शोधत येते.

काकांना मी सांगितलं की बंदी कागदावर आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला भारताच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांबद्दल ('डार्क पॅटर्न') नियम काढले. त्यात १३ प्रकार आहेत आणि पहिलाच आहे खोटी घाई. नियम नुसते मोठ्या कंपन्यांना नाहीत, विक्रेत्यालाही आहेत. म्हणजे रामबागेतल्या चकलीलाही. युरोपात डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे. अल्पवयीन मुलांची माहिती वापरून त्यांना नेमकी जाहिरात दाखवणं त्यात बंद आहे आणि मोठ्या मंचांना जाहिरातींचा संग्रह सगळ्यांसाठी उघडा ठेवावा लागतो. त्याच वर्षी इथल्या ग्राहक प्राधिकरणाने फोर्टनाइट खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सला ११ लाखांहून जास्त युरोंचा दंड ठोठावला. मुलांना 'आत्ताच घे' म्हणणं आणि उरलेली वेळ उलटी मोजणारी खोटी घड्याळं, ही त्यातली कारणं. भुताच्या दुकानाला मात्र दंड कोणाच्या नावावर लावणार? आणि कुकीजची परवानगी मागणारी खिडकी आली की मीही न वाचता 'सगळं मान्य' दाबते, कारण गॅसवर भात असतो.

भाच्याला मात्र मी कायदा नाही, बिस्किटं सांगितली. १९७५ साली अमेरिकेत स्टीफन वर्चेल आणि सहकाऱ्यांनी काही जणांना बरणीतलं एक बिस्किट चाखायला दिलं. कुणाच्या बरणीत दहा होती, कुणाच्या दोनच. दोनवाल्यांना ते जास्त हवंसं वाटलं, जास्त महागही वाटलं. पण जास्त चविष्ट आहे असं काही ते म्हणाले नाहीत. टंचाईने पहिला डबा जाईल रे, म्हटलं. दुसरा?

वहिनीने ऐकलं आणि जाहिरात काढायला लावली. नवी तिने तोंडी सांगितली: 'भाजणी परवा दळून आणली. दिवसाला सहा किलोच्या वर माझ्या हाताने होत नाही. धनत्रयोदशीनंतर ऑर्डर घेणार नाही. ५६० रुपये किलो.' मला तर त्यातच जास्त सायकॉलॉजी दिसली, फक्त कशावर काट मारलेली नव्हती.

दोन दिवसांनी भाच्याने स्क्रीनशॉट पाठवला. दोन्ही जाहिरातींवर रोजचा खर्च तोच, ३०० रुपये, आणि सात डब्यांवर क्लिक सरळ जास्त होते. खोटं चालतं, हे मी नाकारत नाही. नव्या जाहिरातीवर माणसं कमी आली, पण लांबलचक लिहू लागली. सुदामा नगरच्या एका बाईंना अनारशावर खसखस किती हे हवं होतं, कुणाला चकली कमी तिखट. वहिनी प्रत्येकीला दोन-दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवत बसली होती.

"आत्या, हे स्केल होणार नाही," भाचा म्हणाला.

"सहा किलोचं काय स्केल करणार आहेस?" मी विचारलं. मागून वहिनीचा आवाज आला, झारा आण म्हणून, आणि त्याने फोन ठेवला.